संगणकाशेजारी कोण बसतं?

बोस्टन शहरात फोर्ट पॉइंट चॅनलच्या काठावर एकेकाळी संगणकांचं संग्रहालय होतं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथं शाळांच्या सुट्टीत एक कार्यशाळा भरली. लेगोच्या ठोकळ्यांना छोट्या मोटारी जोडायच्या आणि त्या संगणकावरून चालवायच्या, असा खेळ. एक दिवस आसपासची चार मुलं आत शिरली. आपापसात इंग्रजी-स्पॅनिश मिसळून बोलणारी, बरोबर कुणी मोठं माणूस नाही. मोटार फिरलेली पाहिली आणि ती तिथंच रमली. पुढचे दिवसही येत राहिली. सुट्टी संपली, कार्यशाळा आवरली. काही आठवड्यांनी संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांना सूचना आली : काही मुलं इमारतीत चोरून शिरतात, लक्ष ठेवा. ती हीच मुलं होती. लेगो शोधत फिरत होती.

संग्रहालयाच्या शिक्षण विभागातल्या नॅटली रस्क आणि एमआयटीच्या मीडिया लॅबमधले मिचेल रेझनिक यांनी या मुलांसाठी शहरात दुसरी जागा शोधून पाहिली. शाळा सुटल्यावर मुलांना संगणक वापरू देणारी केंद्रं होती, नाही असं नाही. पण तिथं एक तर टायपिंग आणि ठरावीक सॉफ्टवेअरचे वर्ग चालत, नाही तर मुलं गेम खेळत वेळ काढत. स्वतःच्या डोक्यातलं काही बनवायचं असेल तर जावं कुठं, याला उत्तर नव्हतं. मग 1993 मध्ये त्याच संग्रहालयात दोघांनी कॉम्प्युटर क्लबहाउस सुरू केलं. 10 ते 18 वर्षांच्या मुलामुलींसाठी. फी नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा होता, त्यांनाच बोलावून खुर्ची दिली गेली.

डिजिटल कलेच्या वाटेनं अडचणीतल्या मुलांना हाताशी धरणारे जे प्रकल्प आज ठिकठिकाणी चालतात, त्यांतल्या बऱ्याचशांचं कूळ शोधत गेलं तर या खोलीपाशी येतं. म्हणून ती खोली जरा नीट पाहू.

खोलीच्या मध्यभागी एक मोठं हिरवं टेबल. त्यावर संगणक मुद्दाम ठेवलेला नाही. तिथं बसायचं, कागदावर खरडायचं, खायचं, गप्पा मारायच्या. संगणक भोवताली, तीन-चारांच्या घोळक्यांनी मांडलेले. चाकं असलेल्या खुर्च्या, म्हणजे शेजारच्याच्या पडद्यावर काही गमतीचं दिसलं की उठायचीही गरज नाही, सरकत जायचं. भिंतींवर मुलांनीच केलेली कामं. नवीन मुलगा आत आला की कुणी त्याला भाषण देत नाही, तो भिंती पाहतो आणि इथं काय काय करता येतं ते त्याचं त्यालाच कळतं. पुढे बऱ्याच क्लबहाउसांत गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी छोटा स्टुडिओ आला, आणि वयात आलेल्या मुलांना आत खेचण्याचं काम संगणकापेक्षा त्या मायक्रोफोननं जास्त केलं.

या मांडणीमागे एमआयटीतल्या सीमूर पॅपर्ट यांचे विचार होते. 1980 साली आलेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यांनी ब्राझीलच्या सांबा शाळांचं वर्णन केलं आहे. नाव शाळा, पण कार्निव्हलसाठी वस्तीतली लहानथोर मंडळी जमून नाचतात ती जागा. नवखा आणि मुरलेला शेजारी शेजारी नाचतात, मध्येच कुणी कुणाला चार पावलं दाखवतं आणि पुन्हा नाचायला लागतं. पुण्यात गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव ज्यानं पाहिला आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको. पहिल्या वर्षीचं पोर मागच्या रांगेत टिपरू धरतं, पुढच्या दादाच्या हाताकडे बघत ठेका पकडतं. तिथं अभ्यासक्रम नसतो, पण मिरवणुकीची तारीख असते. पॅपर्टना संगणकासाठी असली जागा हवी होती.

क्लबहाउसमधला मेंटॉर म्हणजे काय, हे तिथल्या सुरुवातीच्या दिवसांतल्या एका घटनेतून स्पष्ट होतं. शेजारच्या विद्यापीठातले दोन पदव्युत्तर विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून आले. त्यांनी यंत्रमानव बनवायला घेतला, स्वतःसाठी. कुणाला बोलावलं नाही, वर्ग लावला नाही. कित्येक दिवस एकही मुलगा फिरकला नाही. काम आकाराला येऊ लागल्यावर एक-दोघं डोकावले. एकानं वर बसवायला सांगाडा करायला घेतला, दुसऱ्याला वाटलं की प्रोग्रॅमिंग शिकायची ही संधी आहे. महिन्याभरानं तिथं अनेक यंत्रमानवांवर काम करणारी छोटी टोळी उभी होती. मला यातले ते पहिले रिकामे दिवस महत्त्वाचे वाटतात. समाजसेवेला आलेल्या माणसाला रिकामं बसणं फार जड जातं. त्याला मुलांना काही तरी दिल्याशिवाय घरी जाववत नाही. हे दोघं आपल्या कामात गढून राहिले, आणि मुलांनी बहुधा पहिल्यांदाच एखाद्या मोठ्या माणसाला अडताना, चुकताना आणि तरी मजेत असताना पाहिलं.

आणखी एका मुलाची नोंद त्या काळातल्या लेखनात आहे. शाळा सोडलेली, हातात कायम वही, वहीत व्यंगचित्रांतली पात्रं. क्लबहाउसमध्ये त्यानं आपली काळी-पांढरी रेखाटनं स्कॅन केली आणि संगणकावर रंगवली. हळूहळू हात बसला, स्वतःची शैली झाली आणि इतर मुलं त्या शैलीची नक्कल करू लागली. आता गंमत अशी की त्याच्या चित्रांत बंदुका असत. रस्त्यावरची हिंसा त्यानं जवळून पाहिली होती, जवळचा मित्र गोळीला बळी गेला होता. पण धाकटी मुलं आपली चित्रं गिरवतात हे लक्षात आल्यावर क्लबहाउसच्या कामातून त्यानं बंदुका काढून टाकल्या. कुणी सांगितलं म्हणून नाही. त्याच्याकडे आदरानं बघणारं कुणी तरी तयार झालं होतं, म्हणून.

1997 मध्ये क्लबहाउसला सेवाभावी संस्थांतल्या नावीन्यासाठीचा पीटर ड्रकर पुरस्कार मिळाला. 2000 पासून इंटेल कंपनीनं पैसा ओतला आणि देशोदेशी शाखा निघाल्या. पैसा आला की हिशेबही मागितला जातो : याचा उपयोग होतो का?

या प्रश्नाचं सर्वांत अस्वस्थ करणारं उत्तर बोस्टनच्या नदीपलीकडेच, केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत मिळालेलं होतं. रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरांनी 1930 च्या दशकात एक प्रयोग आखला. गरीब वस्तीतली 506 मुलं घेतली, वय-स्वभाव-घरची परिस्थिती पाहून त्यांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला मदत द्यायची ठरवली. 1939 मध्ये काम सुरू झालं. सरासरी पाच वर्षं समुपदेशक या मुलांच्या घरी जात राहिले. अभ्यास घेतला, डॉक्टरकडे नेलं, खेळायला नेलं, उन्हाळी शिबिरांना पाठवलं. आजच्या कुठल्याही मेंटॉरिंग प्रकल्पाला हेवा वाटावा असं सगळं.

गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मकॉर्ड यांनी तीस वर्षांनी ही मुलं, म्हणजे आता मध्यमवयीन झालेली माणसं, शोधून काढली. 1978 मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. मदत मिळालेल्या गटाला फायदा झाल्याची खूण नव्हती, उलट काही बाबतींत त्यांचीच अवस्था वाईट होती. दारूचं व्यसन, मानसिक आजार, पुन्हा गुन्हा करणं, अकाली मृत्यू. आणि विचारलं तेव्हा त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश लोक म्हणाले की कार्यक्रमानं आपलं भलं झालं. लाभार्थ्यांची हसरी मनोगतं छापून अहवाल सजवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं हे वाक्य कार्यालयात टांगून ठेवावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

असं का झालं? एक सुगावा 1999 मध्ये पुढे आला. मकॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे पुन्हा चाळले, तेव्हा वाईट परिणाम मुख्यतः उन्हाळी शिबिरांना पुन्हा पुन्हा पाठवलेल्या मुलांत सापडला. वाया जाण्याचा धोका आहे म्हणून निवडलेली मुलं एकत्र आणली की ती एकमेकांचे श्रोते होतात. कुणी दांडगाईचा किस्सा सांगितला की बाकीची हसतात, आणि त्या हशाची चटक लागते. समुपदेशक महिन्यातून दोनदा येणार, हशा मात्र रोज मिळणार.

या निष्कर्षासमोर क्लबहाउसची रचना ठेवून पाहिली की तिच्यातला शहाणपणा दिसतो. तिथं प्रवेशासाठी कुणी बिघडलेलं असावं लागत नाही. वस्तीतलं कुणीही यावं. पोलीस ठाण्याची पायरी चढलेला मुलगा, शेजारच्या चाळीतली अभ्यासू मुलगी आणि यंत्रमानवात रमलेला विद्यापीठातला विद्यार्थी एका टेबलाशी बसतात. दारावर ‘जोखमीतल्या मुलांसाठी’ अशी पाटी नसते. तरी संस्थांची पंचाईत असते, ती अशी की देणगीदाराच्या अर्जात मात्र तीच पाटी लावावी लागते. अर्जात मुलं जितकी बिचारी, तितका निधी मोठा. मुलांना वाचता येतं, संस्थेचं संकेतस्थळ तीही उघडतात आणि आपल्याविषयी काय लिहिलं आहे ते पाहतात.

कॅबटांच्या प्रयोगावरून सरसकट निराश व्हायचंही कारण नाही. अमेरिकेतल्या बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या जुन्या संस्थेचा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. 10 ते 16 वयाची 959 मुलं, त्यांतल्या निम्म्यांना लगेच मोठ्या वयाचा स्वयंसेवक मित्र मिळाला, बाकीच्यांना थांबावं लागलं. दीड वर्षानं पाहिलं तर मित्र मिळालेल्यांत अमली पदार्थ नव्यानं सुरू करण्याचं प्रमाण 46 टक्क्यांनी आणि शाळा बुडवण्याचं प्रमाण 52 टक्क्यांनी कमी होतं. हे आकडे सगळे सांगतात. त्याच माहितीवर जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी 2002 मध्ये केलेलं काम कमी सांगितलं जातं. त्यांनी विचारलं, नातं टिकलं किती? वर्षभर किंवा जास्त टिकलं तिथं सर्वांत मोठा फायदा. तीन महिन्यांच्या आत तुटलं तिथं मुलांचा स्वतःविषयीचा विश्वास आधीपेक्षाही खाली गेलेला. ज्या मुलाला वडिलांपासून शिक्षकांपर्यंत सगळे सोडून गेले आहेत, त्याच्या आयुष्यात आणखी एक माणूस येऊन गेला, एवढाच त्याचा अर्थ होतो. कॉलेजच्या प्रकल्पासाठी आठ आठवडे येणारे स्वयंसेवक आपल्याकडेही भरपूर असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, त्याविषयी शंका नाही.

मग मेंटॉरला कला किंवा संगणक किती यावा लागतो? इथं लॉस एंजेलिसची नोंद कामाला येते. दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या क्लबहाउसमध्ये यास्मिन काफाई आणि काइली पेप्लर या संशोधकांनी स्क्रॅच या भाषेचा वापर अभ्यासला. स्क्रॅच म्हणजे रंगीत ठोकळे जुळवून चलच्चित्रं, खेळ, गाणी बनवायची भाषा. ती रेझनिक यांच्याच गटानं क्लबहाउसमधली मुलं डोळ्यांसमोर ठेवून घडवली, 2007 मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. नाव आलं डीजे लोक तबकडी मागेपुढे घासून आवाज काढतात त्यावरून. अभ्यासाच्या अठरा महिन्यांत तिथल्या मुलांनी 536 प्रकल्प बनवले. आणि तिथले मेंटॉर? बहुतेक भाषा-समाजशास्त्राकडचे महाविद्यालयीन विद्यार्थी, प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेले. मुलानं अडचण विचारली की ते म्हणत, मलाही माहीत नाही, बघू या. कधी मुलगाच शिकवी आणि मेंटॉर शिके. काफाई यांच्या गटानं ही अदलाबदल दोष म्हणून नोंदवलेली नाही, तीच त्यांना कामाची गोष्ट वाटली.

इथं एखादा विचारेल : शिकवायला कुणी लागतच नसेल तर माणूस तरी कशाला हवा? हा प्रश्न सर्वांत धीटपणे विचारला गेला तो आपल्याच देशात. 1999 मध्ये सुगाता मित्र यांनी दिल्लीच्या कालकाजीत आपल्या कार्यालयाच्या कुंपणभिंतीला भोक पाडून पलीकडच्या झोपडवस्तीकडे तोंड करून संगणक बसवला. शिक्षक नाही, सूचना नाहीत. मुलं जमली आणि आपापली शिकली. पुढे असे संगणक अनेक ठिकाणी लागले, आपल्या सिंधुदुर्गातल्या गावांतही, आणि तिथल्या मुलांचा परिमला इनामदार यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. मित्र यांच्या प्रयोगानं जगभर खळबळ उडाली, 2013 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा टेड पुरस्कार मिळाला. टीकाही झाली. मार्क वॉर्शॉअर या अभ्यासकानं दिल्लीत पाहिलं तर मुलं बहुतेक वेळ चित्रं रंगवत होती किंवा गेम खेळत होती. दांडगे मुलगे पुढे आणि मुली मागे, हेही निरीक्षकांनी टिपलं. चित्रं रंगवत होती, ही मला टीका वाटत नाही. मात्र त्या चित्रांचं पुढे काय झालं, ती कुणी पाहिली, त्यावर कुणी काय म्हणालं, हे भोकापाशी उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं.

मित्र यांनी स्वतःच पुढचं पाऊल टाकलं, ते पाहण्यासारखं आहे. तमिळनाडूतल्या कळीकुप्पम या गावात त्यांनी तमिळ मुलांपुढे इंग्रजीतला जनुकशास्त्राचा मजकूर ठेवला. संगणकाच्या आधारे मुलांनी चाचणीत सुमारे 30 टक्के गुण मिळवले. मग मुलांच्याच ओळखीची, हिशेबाचं काम करणारी एक तरुणी मदतीला घेतली. तिला जनुकशास्त्र येत नव्हतं. तिनं फक्त आजी करते ते करायचं : मागे उभं राहायचं, अरे वा म्हणायचं, हे कसं केलंस ते मला दाखव म्हणायचं. गुण 50 च्या आसपास गेले. यातूनच निवृत्त ब्रिटिश शिक्षिकांना आणि आज्यांना स्काइपवरून भारतीय मुलांशी जोडणारा ‘ग्रॅनी क्लाउड’ निघाला, आणि टेड पुरस्काराच्या पैशातून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळांपैकी एक सातारा जिल्ह्यात फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत सुरू झाली. माणसाविना शिक्षण म्हणून निघालेली गाडी दहा वर्षांत आजीपाशी येऊन थांबली.

तेव्हा उत्तर असं दिसतं : शिकवणारा नसला तरी चालेल, पाहणारा लागतो. पण पाहणं म्हणजे नुसतं कौतुकही नाही. त्यासाठी शिकागोला जावं लागेल.

शिकागोच्या मध्यवर्ती भागात हॅरल्ड वॉशिंग्टन ग्रंथालय आहे, शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांच्या नावाचं. 2009 मध्ये त्याच्या तळमजल्यावर यूमीडिया नावाची जागा उघडली, फक्त माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी. ग्रंथालय, निकोल पिंकार्ड यांचं डिजिटल यूथ नेटवर्क आणि मॅकआर्थर प्रतिष्ठान असा तिघांचा संसार. ग्रंथालयात गप्पा, संगीत, कॅमेरे, रेकॉर्डिंगची खोली. मांडणीमागे मिझुको इटो आणि सहकाऱ्यांचा तीन वर्षांचा अभ्यास होता. मुलं डिजिटल माध्यमांशी तीन प्रकारे वागतात, असं त्यांना दिसलं : नुसतं टोळकं करून बसणं, हात घालून खुडबूड करणं आणि मग एखाद्या गोष्टीत बुडून जाणं. नुसतं बसणारा मुलगा वेळ वाया घालवतो असं वरवर दिसतं, पण बुडणारी मुलं त्या बसण्यातूनच येतात. म्हणून त्याला हाकलायचं नाही.

तिथं माइक हॉकिन्स नावाचे कवी मेंटॉर होते, सगळ्यांचे ब्रदर माइक. कविता आणि रॅपच्या खुल्या मैफली ते चालवत. याच मंचावर चॅन्सलर बेनेट नावाचा शाळकरी मुलगा उभा राहायचा, पुढे चान्स द रॅपर म्हणून जगाला कळलेला. शाळेनं दहा दिवस काढून टाकलं तेव्हा ‘टेन डे’ हा त्याचा पहिला गाजलेला संग्रह आकाराला आला. 2012 मध्ये तो फुकट वाटला गेला. 2017 मध्ये ‘कलरिंग बुक’ला ग्रॅमी मिळालं. विकत न मिळणारा, नुसता इंटरनेटवर ऐकायचा संग्रह ग्रॅमी जिंकण्याची ती पहिली वेळ. नोनेम ही रॅपरही याच खोलीतून पुढे आली.

यूमीडियाविषयी लिहिणारा प्रत्येक जण चान्सचं नाव घेतो. मीही घेतलं. पण जरा जपून घ्यावं. चान्सचे वडील महापौर वॉशिंग्टन यांच्याकडे आणि पुढे ओबामांसाठी काम केलेले, घर बऱ्यापैकी सावरलेलं. वस्तीतल्या हिंसेनं त्यालाही सोडलं नाही, 2011 मध्ये त्याच्या मित्राचा चाकूनं खून झाला. तरी सगळ्यांत उंच उडालेल्या मुलावरून खोलीचं माप घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो. ज्या मुलीनं तिथं तीन वर्षं कविता लिहिल्या आणि पुढे परिचारिका झाली, तिची गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात येत नाही. तसली मुलगीच अशा जागांचं खरं गिऱ्हाईक असते.

डिसेंबर 2014 मध्ये ब्रदर माइक अचानक वारले, जेमतेम अडतीस वर्षांचे असताना. पुढच्या वर्षापासून चान्स आणि मित्रांनी त्याच ग्रंथालयात शाळकरी मुलांसाठी खुल्या मंचाच्या मैफली भरवल्या. हे छान झालं. पण या क्षेत्रातली सर्वांत मोठी कमजोरीही इथंच आहे. प्रकल्प म्हणून जे ओळखलं जातं ते पुष्कळदा एक माणूस असतं, त्याला पगार कमी असतो आणि संध्याकाळच्या कामाला वेळेची हद्द नसते. संगणक जुना झाला तर नव्यासाठी अर्ज करता येतो. मेंटॉर थकला तर अंदाजपत्रकात त्याचा रकानाच नसतो.

कॅलिफोर्नियातल्या यूथ रेडिओनं, आजच्या वायआर मीडियानं, या नात्याला व्यवसायाची धार दिली. पत्रकार एलिन ओलिअरी यांनी 1993 मध्ये बर्कलीत तो सुरू केला, 2007 मध्ये तो ऑकलंडला हलला. मुलं बातम्या आणि कहाण्या बनवतात आणि त्या राष्ट्रीय नभोवाणीवर जातात. तिथल्या एलिसाबेथ सोप आणि व्हिव्हियन चावेझ यांनी 2010 च्या पुस्तकात आपली पद्धत मांडली : मोठ्यांना आणि मुलांना एकमेकांशिवाय काम पुरं करताच आलं नाही पाहिजे. वस्तीतली गोष्ट मुलाकडेच असते, संपादनाचा हात मोठ्याकडे. प्रक्षेपणाची वेळ दोघांनाही बांधलेली. अशा ठिकाणी खोटी शाबासकी चालत नाही, कारण वाईट कहाणी प्रसारित झाली तर दोघांचंही नाव जातं. ऑकलंडमध्ये अल्पवयीन मुलींच्या देहव्यापारावर त्यांनी केलेल्या शोधवृत्ताला पीबडी पुरस्कार मिळाला.

धारावीतही नवनीत रंजन यांनी असंच काही केलं. सॅन फ्रान्सिस्कोहून परतलेल्या या माहितीपटकारानं धारावीवर चित्रपट केला आणि मग तिथंच मुलींबरोबर काम सुरू केलं. एमआयटीचं अॅप इन्व्हेंटर वापरून मुलींनी मोबाइल अॅप बनवली. एक होतं पाण्याचं. नळावर पाणी आलं, आता तुमचा नंबर, अशी सूचना देणारं. दुसरं, छेडछाडीच्या वेळी गजर वाजवून ठिकाण कळवणारं. दोन्ही विषय कुणी बाहेरून दिले असते तर एवढे नेमके सुचले नसते. हंडा घेऊन रांगेत उभं राहिल्यामुळे किती तास जातात आणि किती शाळा बुडते, हे मुलींना माहीत होतं.

1993 साली संगणक दुर्मीळ होता, म्हणून मुलं त्याच्या ओढीनं दार ठोठावत होती. आता धारावीतल्या पोराच्या हातातल्या फोनवर गाणं रेकॉर्ड होतं, चित्रफीत कापता येते, लाखभर लोकांपर्यंत पोचवताही येते. यंत्राची चणचण सरली, आणि तिच्याबरोबर एक जुनी ढालही गेली. पूर्वी चुकलेलं गाणं खोलीतच राहायचं. आता पंधराव्या वर्षी रागात टाकलेली चित्रफीत पंचविसाव्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत समोर येऊ शकते. सोप यांनी यालाच मुलांच्या कामाचं मरणोत्तर आयुष्य म्हटलं आहे. काम बनवणाऱ्याच्या हातून सुटतं आणि त्याला न विचारता फिरत राहतं. म्हणून आजच्या मेंटॉरच्या कामात एक नवं काम वाढलं आहे : हे टाकू नको, किंवा आज रात्री झोप आणि उद्या टाक, एवढं ऐकून घेतलं जाईल इतकी ओळख आधी जमवणं.

बालगृह किंवा निरीक्षणगृहातल्या मुलांबरोबर काम करताना तर कायदाच मध्ये येतो. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाचं किंवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचं नाव, पत्ता, शाळा, चित्र, ओळख पटेल असं काहीही कुठल्याही माध्यमात उघड करता येत नाही. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देणगीदारांना फोटो हवे असतात, त्यांच्यापुढे ही तरतूद ठेवायला संस्था संकोचतात, असं करू नये. डिजिटल कलेला इथं उपजत सोय आहे. चलच्चित्रात चेहरा लागत नाही, आवाज बदलता येतो, चिखलाच्या बाहुल्यांकडून सगळी गोष्ट सांगून घेता येते.

अडचण वेगळीच येते. ज्या मुलाचं नाव आजवर फक्त खटल्याच्या कागदांवर छापलं गेलं, तो आपली दीड मिनिटाची फिल्म पुरी करतो आणि म्हणतो, शेवटी माझं नाव लावा, खरं, पूर्ण. कायदा नाही म्हणतो. पण मुलाच्या हिताचं असेल तर बाल न्याय मंडळ किंवा बालकल्याण समिती कारणं लेखी नोंदवून परवानगी देऊ शकते, अशी वाट त्याच कलमात आहे. तो अर्ज मुलाबरोबर बसून लिहिणं, त्याच्या घरच्यांना आणि त्याला पुढच्या दहा वर्षांत या नावामुळे काय काय होऊ शकतं ते सांगणं, आणि समितीनं नाही म्हटलं तर त्याच्याबरोबर मिळून टोपणनाव शोधणं, हे ध्वनिमुद्रण किंवा रंगकाम शिकवण्यापेक्षा पुष्कळ लांबलचक काम आहे. ते आठ आठवड्यांत होत नाही.